मालिकेवरून आलेला विनोदी ॲनिमेशनपट कसा पारखावा

विनोदी ॲनिमेशन मालिकेचा एक भाग साधारण २२ मिनिटांचा असतो आणि त्यात एक अलिखित करार पाळला जातो: काहीही घडो, पुढच्या आठवड्यात सगळं जिथल्या तिथे. नोकरी गेली तर परत मिळते, घर जळालं तर उभं राहतं, दहा वर्षांचा मुलगा वर्षानुवर्षं दहाचाच राहतो. या करारामुळेच मालिका इतकी टिकते. चित्रपटाला मात्र तो पाळून भागत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला दीड तास धरून ठेवायचं तर काहीतरी मोडावं लागतं आणि ते बराच वेळ मोडलेलंच राहावं लागतं. म्हणून असा चित्रपट पाहताना 'मालिकेइतकं हसू आलं का' हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी पाहा की काय मोडलं, किती वेळ मोडलेलं राहिलं, आणि ते सांधायला कोणाला काय मोजावं लागलं. हसण्याचा हिशेबही करायचाच आहे, पण त्याची वेगळी रीत आहे आणि ती पुढे दिली आहे.

उदाहरणासाठी मुख्यतः 'द सिम्प्सन्स मूव्ही' घेतला आहे. होमर, मार्ज आणि त्यांची मुलं बार्ट, लीसा व तान्ही मॅगी या कुटुंबाची ही मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली, मे २००७ मध्ये तिचा ४००वा भाग दाखवला गेला आणि २७ जुलै २००७ रोजी चित्रपट अमेरिकेत झळकला. दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमन, लांबी ८७ मिनिटं, पटकथेच्या श्रेयनामावलीत ११ लेखक. जोडीला २००१ सालचा शिन-चॅनचा 'द ॲडल्ट एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आहे, कारण हिंदी डबिंगमुळे शिन-चॅन महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेला आहे. दोन्ही चित्रपटांतल्या कलाटण्या पुढे उघड केल्या आहेत. ते पाहिले नसतील तर आधी पाहून या.

आधी मालिका, पण मोजकी

सगळे भाग पाहायची गरज नाही, सहा पुरतात. एक अगदी पहिल्या पर्वातला, दोन मालिकेच्या नावाजलेल्या काळातले, दोन चित्रपटाच्या लगेच आधीच्या पर्वातले. सहावा भाग सगळ्यात महत्त्वाचा: चित्रपट ज्या नात्याभोवती फिरतो, त्याच नात्यावर मालिकेने आधी केलेला भाग. 'सिम्प्सन्स'च्या बाबतीत ते नातं म्हणजे होमर आणि मार्जचं लग्न. १९९४ साली पाचव्या पर्वाच्या शेवटच्या भागात मार्ज होमरला घराबाहेर काढते आणि तो तिच्याकडे परत येतो ते आपल्या संपूर्ण परावलंबित्वाचं भांडवल करून: माझ्याइतकी तुझी गरज दुसऱ्या कोणालाच असणार नाही, असं तो सांगतो. २२ मिनिटांत हे इतकं नेमकं जमलं आहे. मग ८७ मिनिटं आणि मोठा पडदा हाताशी असताना चित्रपट त्याच नात्यात याहून खोल गेला का, हे मोजायला तुमच्याकडे आता माप आहे.

नवखे समीक्षक इथे एक हमखास चूक करतात. ते चित्रपटाची तुलना मालिकेच्या आठवणीशी करतात. ४०० भागांमधले मनात राहिलेले २० भाग म्हणजे अवघे ५ टक्के. उरलेले ३८० विसरून त्या २० शी तुलना केली तर कोणताही चित्रपट उणाच ठरेल. तुलना दोन मापांनी करा: लगतच्या पर्वातल्या सर्वसाधारण भागाशी एकदा आणि सर्वोत्तम भागाशी एकदा. दोन्ही निकाल वेगवेगळे लिहा. बहुतेक चित्रपट पहिल्या मापाला उतरतात आणि दुसऱ्याला कमी पडतात, आणि वाचकाला हे एवढं कळलं तरी त्याचं काम होतं.

प्रत तपासा

हे कंटाळवाणं वाटेल, पण इथेच बरीच परीक्षणं फसतात. मूळ लांबी शोधा आणि तुमच्या प्रतीची लांबी तिच्याशी ताडून पाहा. जुनी पाल (PAL) पद्धतीची, म्हणजे भारत-युरोपातल्या टीव्हीच्या मापाची डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी दाखवते, त्यामुळे ८७ मिनिटांचा चित्रपट साडेत्र्याऐंशी मिनिटांत संपतो. त्यात काही कापलेलं नसतं. फक्त आवाज किंचित चढा लागतो आणि विनोदातले थांबे थोडे आखूड होतात. पण दूरचित्रवाणीवर तोच चित्रपट ७५ मिनिटांत संपला तर प्रसंग गाळले आहेत हे नक्की, आणि मग 'शेवट घाईत उरकला' असं लिहायचा तुम्हाला अधिकार राहत नाही.

दुसरी तपासणी चौकटीच्या आकाराची. 'सिम्प्सन्स' मालिका तेव्हा ४:३ या जवळजवळ चौकोनी आकारात बनत होती, चित्रपट मात्र २.३९:१ इतक्या रुंद पडद्यासाठी रचला होता. १६:९ चा टीव्ही भरून काढण्यासाठी तो दोन्ही बाजूंनी कापला तर जवळपास पाव चित्र जातं. ॲनिमेशनच्या विनोदात कडेला उभं असलेलं पात्र किंवा मागच्या दुकानाची पाटी हाच अनेकदा विनोद असतो, त्यामुळे हे नुकसान साध्या चित्रपटापेक्षा इथे जास्त. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत असतील तर समाधान माना.

पहिल्यांदा पाहताना वही बंद

पहिला प्रयोग लोकांत बसून पाहा, जमलं तर थिएटरात. टिपणं काढू नका. विनोद नोंदवत बसलात की पुढचा विनोद निसटतो आणि सभागृह कधी गप्प झालं हे कळत नाही. हशाचा आवाज एका मर्यादेपर्यंतच कामाचा, पण शांततेची जात ओळखायला शिका. लोक खोकू लागले, फोन उजळू लागले तर ती कंटाळ्याची शांतता. कोणी हललंच नाही तर ती दुसरीच.

'सिम्प्सन्स'मध्ये या दुसऱ्या शांततेची जागा ठरलेली आहे. होमरच्या चुकीने गाव संकटात सापडतं आणि कुटुंब अलास्कात पळून जातं. तिथे होमर गाव वाचवायला यायचं नाकारतो आणि मार्ज मुलांना घेऊन निघून जाते. मागे एक चित्रफीत ठेवते. कॅमेऱ्याकडे बघत ती सांगते की आपण हे संपवतोय, आणि खरंच संपवतोय हे कळावं म्हणून हा निरोप आपल्या लग्नाच्या फितीवरच रेकॉर्ड केला आहे. निरोप संपतो, पडद्यावर मुंग्या येतात आणि पुसायची राहिलेली लग्नातल्या नाचाची दृश्यं उलगडतात. या प्रसंगात तीन गोष्टी बघा. एक, ज्युली कॅव्हनरने मार्जचा घोगरा आवाज विनोदासाठी कुठेही वापरलेला नाही. आवाज थकलेला आहे. दोन, प्रसंगाच्या शेवटी हसवून सुटका करून घेण्याचा मोह बऱ्याच अंशी आवरला आहे. तीन, फितीवर फीत चढवणं ही कल्पना याच कुटुंबाची, याच गरीब-साध्या घराची आहे. दुसऱ्या मालिकेत उचलून ठेवता येणार नाही. मालिकेने अठरा वर्षं जमवलेलं भांडवल चित्रपट इथे खर्च करतो.

दुसऱ्यांदा पाहताना: दहा मिनिटांच्या ओळी

आता घरी, रिमोट हातात घेऊन. वहीत दर दहा मिनिटांसाठी एक ओळ आखा. ८७ मिनिटांच्या चित्रपटाला नऊ ओळी लागतील. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: परिस्थितीत काय बदललं, ते कोणाच्या कृतीमुळे बदललं, आणि विनोद कुठल्या जातीचे होते.

विनोदाच्या जातींसाठी चार खुणा पुरेत. 'ओ' म्हणजे ओळखीचा: मालिकेतलं ठरलेलं वाक्य, नेहमीची खोड, जुन्या पात्राचं दर्शन. 'क' म्हणजे या कथेतूनच निघालेला. 'चि' म्हणजे नुसत्या चित्रातून आलेला. 'पा' म्हणजे पाहुणा: प्रसिद्ध व्यक्तीची हजेरी किंवा बाहेरचा संदर्भ. पहिल्या अर्ध्या तासात 'ओ' आणि 'पा' भरपूर असणारच. घर दाखवावं लागतं, चाहत्यांना रामराम करावा लागतो. त्यानंतर मात्र 'क' वाढला पाहिजे. एका तासानंतरही 'ओ'चीच गर्दी असेल तर कथेला स्वतःचा विनोद सापडलेला नाही, आणि मालिका न पाहिलेला माणूस तिथे बाहेर पडलेला असतो.

'कोणाच्या कृतीमुळे' हा रकाना सगळ्यात बोलका. 'सिम्प्सन्स'चा पूर्वार्ध या कसोटीला फार सुंदर उतरतो. तळं इतकं घाण झालंय की त्यात वाजवायला आलेल्या बँडचा तराफाच विरघळतो. लीसा ते साफ करवून घेते. होमर एका डुकराला घरी आणतो. त्याची घाण भरलेली टाकी नीट विल्हेवाटीला न्यायच्या ऐवजी, फुकट डोनट मिळताहेत हे कळताच, तळ्यात ओततो. सरकार गावावर काचेचा घुमट ठेवतं. टाकीवरून होमरचं नाव उघड होतं आणि गाव दारात येतं. सहा पायऱ्या, आणि होमरची प्रत्येक कृती त्याच्या आळसातून किंवा भुकेतून आलेली. अशा साखळीत एकही कडी योगायोगाची नसते. उत्तरार्धात मात्र हा रकाना विरळ होतो. होमरला आपली चूक उमगते ती एका वैदू बाईने घडवलेल्या साक्षात्कारात. स्वतः काही करून, काही गमावून त्याने ती ओळखली असती तर पालट जास्त पटला असता. तुमच्या नोंदींत एखाद्या ओळीत 'कोणामुळे' समोर 'बाहेरून' असं लिहावं लागलं की तिथे लाल खूण करा. बहुतेक चित्रपट मध्यानंतर तिथेच ढिले पडतात, कारण लेखकांना भाग लिहायची सवय असते आणि चार भागांएवढा मजकूर जोडताना सांधा दिसायला लागतो.

पेरलेलं उगवलं का?

दुसऱ्या प्रयोगात पेरणी तपासणं सोपं जातं, कारण पीक माहीत असतं. चर्चमध्ये आजोबा अंगात आल्यासारखे काहीबाही बरळतात: पिळदार शेपटी, हजार डोळे, कायमचे अडकलात, आणि 'ईपा, ईपा'. नंतर डुकराची शेपटी येते, प्रदूषणामुळे असंख्य डोळे फुटलेली खार येते, घुमट येतो, आणि 'ईपा' म्हणजे पर्यावरण खात्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव निघतं. जत्रेत होमर पोलादी जाळीच्या गोळ्यात मोटारसायकल फिरवून ट्रक जिंकतो. शेवटी त्याच करामतीने तो बार्टला मागे बसवून घुमटाच्या आतल्या भिंतीवरून वर चढतो. मॅगीच्या वाळूच्या खड्ड्यातलं भगदाड आधी गंमत म्हणून दिसतं, मग कुटुंब त्यातूनच निसटतं.

नोंद करताना फक्त 'पेरलं आणि उगवलं' यावर थांबू नका. पेरताना ते स्वतंत्रपणे गमतीदार होतं का, हे पाहा. मोटारसायकलची जत्रा त्या क्षणी निव्वळ होमरच्या धडपडण्याचा विनोद आहे. पुढे कामाला येईल असं वाटतही नाही. पेरणी ओळखू येत असेल तर तो विनोद वाया गेला.

जुनी खोड बिजागरी होते तेव्हा

या प्रकारातली सगळ्यात वरची कामगिरी कोणती, हे शिन-चॅनच्या २००१ च्या चित्रपटात दिसतं. शिन-चॅनची मालिका १९९२ पासून चालू आहे, तिच्या गोष्टी सातेक मिनिटांच्या, आणि १९९३ पासून चित्रपट जवळपास वर्षाला एक. दिग्दर्शक केइची हारा यांच्या या चित्रपटात मोठ्या माणसांना विसाव्या शतकाच्या, त्यांच्या बालपणाच्या गंधाने भुरळ पडते. आई-बाप मुलांना विसरून खेळत बसतात. मुलांनी एकटं राहण्याचा हा भाग हास्यपटाला शोभणार नाही इतका भीतिदायक आहे, आणि दिग्दर्शकाने तो घाबरून आवरता घेतलेला नाही.

शिन-चॅनचे बाबा, म्हणजे हिरोशी (हिंदी डबिंगमधले हॅरी), यांच्या पायांचा वास हा मालिकेतला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला विनोद. चित्रपटात शिन-चॅन बापाला त्याच्याच बुटाचा वास देतो. आणि तो वास बापाला शुद्धीवर आणतो, कारण तो वास म्हणजे त्याची रोजची पायपीट आहे. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला मुलगा, शहर, नोकरी, उन्हातलं वणवण फिरणं, लग्न, मुलं, रात्री घरी पोचणं. हे सगळं जवळजवळ संवादाविना सरकत जातं. वर्षानुवर्षं ज्यावर पोरं खदखदून हसली तीच गोष्ट बापाच्या आयुष्याचा ऐवज ठरते. मालिकेतला एक जुना विनोद निवडा आणि चित्रपटाने त्याचं काय केलं ते लिहा: नुसता पुन्हा वाजवला, मोठा करून वाजवला, की त्याला नवा अर्थ दिला? या तिसऱ्या जातीचा एक प्रसंग जरी सापडला तरी त्या चित्रपटाला असण्याचं कारण आहे.

मोडण्याचे इतरही चांगले मार्ग आहेत. 'बीव्हिस अँड बट-हेड डू अमेरिका' (१९९६) सुरुवातीलाच त्या दोघांचा टीव्ही चोरीला घालवतो, म्हणजे सोफ्यावर बसून टीव्ही बघण्यावर चालणाऱ्या मालिकेचा सोफाच काढून घेतो. १९९९ च्या 'साउथ पार्क'ने मालिकेत दाबाव्या लागणाऱ्या शिव्या मोकळ्या सोडल्या आणि त्या मोकळेपणालाच कथेचा विषय केलं. चित्रपटाला मालिकेपेक्षा जास्त मुभा मिळते. ती नुसती उधळली की कथेत कामाला लावली, हे विचारा.

चित्र आणि संगीत

मोठ्या पडद्यावर मालिकेचे सपाट रंग पोकळ दिसतात, म्हणून अशा चित्रपटांत पात्रांवर सावल्या चढवतात, गर्दी वाढवतात, कॅमेरा हलता ठेवतात. 'सिम्प्सन्स'मध्ये हे केलं, २०२२ च्या 'बॉब्ज बर्गर्स मूव्ही'मध्येही केलं. चुकतं कुठे, तर पात्रांचे हावभाव जास्त मऊ आणि गुळगुळीत होतात आणि विनोदाचा ताल जातो. ठिपक्यांसारखे डोळे असलेलं पात्र निश्चल उभं राहण्यातच हसू असतं. मालिकेतला एक आणि चित्रपटातला एक, अशी एकाच पात्राच्या स्तब्ध चेहऱ्याची दोन दृश्यं शेजारी लावून बघा.

संगीतासाठी एकच चाचणी: शीर्षकधून सोडून बाकी पार्श्वसंगीत प्रसंगाला हसायची सूचना देतंय का? 'सिम्प्सन्स' मालिकेचं संगीत वर्षानुवर्षं आल्फ क्लॉसेन करत होते, चित्रपटाला हान्स झिमर आले. मोठा वाद्यमेळ गंभीर वाजत राहतो आणि खाली मूर्खपणा चालतो, तेव्हा विनोद वाढतो. वाद्यंच गुदगुल्या करू लागली की मरतो.

डबिंगमधून पाहिलं असेल तर

शिन-चॅन आपल्याकडे बहुतेकांनी हिंदीतच पाहिलेला असतो आणि त्यात कमीपणा काही नाही. ते डबिंग स्वतःच्या बळावर उभं आहे. पण शाब्दिक विनोदाचं श्रेय किंवा दोष मूळ लेखकांच्या माथी मारू नका. निदान दोन प्रसंग मूळ भाषेत सबटायटल्ससह पाहा: एक बडबडीचा, एक निःशब्द. निःशब्द प्रसंग दोन्हीकडे तितकाच लागला आणि बडबडीचा एकीकडेच लागला, तर फरक डबिंगचा आहे.

अनोळखी प्रेक्षक

मालिका कधीच न पाहिलेल्या एका माणसाला चित्रपट दाखवा आणि नंतर तीन प्रश्न विचारा. कोणाला काय हवं होतं? मधे कोण, का सोडून गेलं? कुठलं पात्र कशासाठी होतं ते कळलं नाही? पहिल्या दोनांची उत्तरं आली तर कथा उभी आहे. तिसऱ्याच्या उत्तरात आलेली नावं म्हणजे हजेरीपुरती आणलेली पात्रं. 'सिम्प्सन्स'मध्ये होमरचा मालक बर्न्सपासून मुख्याध्यापक स्किनरपर्यंत गावातली अर्धी मंडळी एक-दोन वाक्यांवर बोळवली आहेत. चाहत्यांना ते खुपतं, पण माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, कारण वाचलेला वेळ बार्ट आणि शेजारी फ्लँडर्सला मिळाला. बापाने वाऱ्यावर सोडलेल्या बार्टला फ्लँडर्स मलई घालून, भाजलेला मार्शमेलो लावून गरम कोको देतो आणि मुलगा पहिल्यांदा दुसऱ्या घराच्या खिडकीकडे बघायला लागतो. वीस पात्रांना दोन-दोन वाक्यं जास्त देऊन हे मिळालं नसतं.

लिहायला बसताना

पहिल्या परिच्छेदात मोडलेली गोष्ट सांगा, शेवटची कलाटणी नको. मग तुमच्या नऊ ओळींपैकी सर्वांत भरलेली आणि सर्वांत रिकामी, अशा दोनच ओळींबद्दल सविस्तर लिहा. विनोद शब्दशः उतरवू नका. कागदावर ते मरतात आणि वाचकाचा आनंदही जातो. पाहुण्या कलाकारांची यादी देऊ नका. शेवटाबद्दल लिहिताना जपून: 'सिम्प्सन्स'मध्ये गाव पुन्हा उभं राहतं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मालिका नेहमीसारखी सुरू झाली, याचा अर्थ चित्रपटाने काहीच बदललं नाही असा होत नाही. करार पुन्हा लागू होणारच होता. तो स्थगित असताना चित्रपटाने काय केलं, यावर गुण द्या.

गुण द्यायचेच असतील तर दोन द्या: मालिका ओळखणाऱ्यासाठी एक, न ओळखणाऱ्यासाठी एक. दोन्हींत दीड ताऱ्याहून जास्त अंतर पडलं तर कारण तुमच्या 'ओ' खुणांमध्ये सापडेल. ते एका वाक्यात लिहा. आणि परीक्षणाच्या तळाशी कोणती भाषा, किती मिनिटांची प्रत आणि कोणत्या पडद्यावर पाहिली, हे न चुकता नोंदवा.